खिळ्यावरची रोटी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या मोहल्ल्याचे आक्साकाल, म्हणजे पांढऱ्या दाढीचे वडीलधारे प्रमुख, आदरणीय अब्दुरसूल ओता. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या राजदूत श्रीमती योहाना वेस्क. मंत्रालयाकडून मुद्दाम वेळ काढून आलेले सन्माननीय पाहुणे. इतर दूतावासांतली स्नेही मंडळी. आमच्या दूतावासाचे आजी, म्हणजे संध्याकाळपासून माजी, कर्मचारी. मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांनो आणि भगिनींनो. आणि तिकडे दाराशी कढईजवळ उभे राहून माझ्याकडे डोळे वटारणारे मोहल्ल्याचे आचारी तुर्दी अका,

तुर्दी अका, तुमचा भात दमाला लागलाय हे मला वासावरूनच कळलं. मी लवकर आटोपतो असं मात्र म्हणणार नाही. असं म्हणणारा माणूस कधीच लवकर आटोपत नाही. मी आयुष्यभर अशा माणसांच्या भाषणांचा अनुवाद केला आहे.

बहुतेकांना माहीत आहे, पाहुण्यांसाठी सांगतो. मी नेमत योदगोरोव, या दूतावासाचा दुभाषी. दूतावास ताश्कंदमध्ये आला त्या पहिल्या आठवड्यापासून मी आहे, आणि आज त्याचं दार बंद होतंय तेव्हाही मीच आहे. या दालनात मी पुष्कळ बोललो, पण ते सगळं दुसऱ्याचं. मागच्या आठवड्यात अब्दुरसूल ओतांनी फर्मावलं, "नेमत, या वेळी तू तुझं बोल." घरी येऊन शोधत बसलो, माझं काय आहे बोलायला? सापडेना. तीस वर्षं दुसऱ्याचा कोट घातला की आपल्या खांद्याचं माप विसरायला होतं.

खरं सांगू? थकलो आहे. पायांनी नव्हे, शब्दांनी थकलो आहे. "उभय देशांतील संबंध अधिक दृढ होत आहेत" हे वाक्य मी किती वेळा इकडून तिकडे नेलं असेल! मनात यायचं, हे संबंध सैल तरी कधी झाले होते? सैल व्हायला आधी बांधलेले असावे लागतात. तुमचा तो समुद्रकाठचा इवलासा देश आणि आमचा हा समुद्राचं तोंड न पाहिलेला देश. एकमेकांना विकण्यासारखं आपल्याकडे फारसं काही नव्हतं, आणि भांडण्यासारखं तर काहीच नाही. मग दूतावास कशासाठी होता? हा प्रश्न तुमच्या राजधानीतल्या हिशेबी लोकांना आत्ता पडला. मला पहिल्या दिवशीच पडला होता.

त्या पहिल्या दिवशी दूतावास म्हणजे हॉटेलातली एक खोली होती. आमचा देश नवा कोरा, लोकांकडे पासपोर्ट अजून जुन्याच देशाचे. पहिले राजदूत आर्ने साहेब, चांगले दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढे उंच. त्यांनी राष्ट्रध्वज फुलदाणीत रोवून टेबलावर ठेवला होता. हॉटेलची बाई रोज सकाळी फुलदाणीत पाणी घालायची. मी एकदा म्हटलं, "बाई, अहो, ते फूल नाही, झेंडा आहे." ती म्हणाली, "असू दे. परक्या गावात आलाय, तहान लागली असेल." मी हे साहेबांना सांगितलं. ते हसले, आणि पुन्हा कधी तिला अडवलं नाही.

मग आपल्या मोहल्ल्यातलं हे घर मिळालं. मधे अंगण, अंगणात तुतीचं झाड, भोवती खोल्या. सामान उतरायच्या दिवशी मोहल्ल्यातले वीस-पंचवीस बुजुर्ग हातात झाडू, फावडी आणि कुदळी घेऊन दारात हजर! पहारेकऱ्याची पाचावर धारण बसली. आर्ने साहेबांनी खिडकीतून पाहिलं आणि मला विचारलं, "यांचं म्हणणं काय आहे? आम्ही यांचं काही बिघडवलंय का?" मी म्हटलं, "साहेब, नवा शेजारी आलाय, ते अंगण झाडायला आलेत." त्यांचा विश्वास बसेना. तेव्हा आपले अब्दुरसूल ओता, त्यांची दाढी तेव्हा काळी होती बरं का, पुढे होऊन म्हणाले, "साहेबांना सांग, तुमचा देश लहान असो की मोठा, घरासमोरचा पाट ज्याचा त्यानं उपसायचा. राजदूत असला म्हणून गाळ काही आपोआप निघत नाही."

ओता हसताहेत. आठवतंय ना? त्या दिवसापासून दर वसंतात राजदूतांनी स्वतः पाटात उतरून गाळ काढला. राजनैतिक संरक्षण फाटकापर्यंत, पाटात नाही, हे आमच्या मोहल्ल्याचं परराष्ट्र धोरण. मॅडम, तुम्ही तर पहिल्याच वर्षी बूट गाळात घालवलात आणि अनवाणी घरी गेलात. बायका अजून सांगतात.

आता मी मूळ गोष्टीकडे येतो. ती रोटीची आहे.

आमच्यात घरचं माणूस लांबच्या प्रवासाला निघालं की त्याच्यासमोर ताजी रोटी धरतात. त्यानं एक घास चावायचा आणि निघायचं. उरलेली रोटी घरातले भिंतीवर टांगून ठेवतात. ते माणूस परत आलं की ती उतरवायची, चहात भिजवायची, आणि त्यानंच ती संपवायची. ज्यानं चावा घेतला त्याचं दाणापाणी या घरात शिल्लक आहे, म्हणून त्याला परत यावंच लागतं. एवढंच आहे. यात जादू वगैरे काही नाही.

आर्ने साहेबांचा निरोप होता तेव्हा दूतावासाच्या स्वयंपाकघरात होसियत आपा नव्याने आल्या होत्या. त्या तिकडे बसल्या आहेत, शेवटच्या रांगेत. पुढे बसा म्हटलं तर म्हणाल्या, "पुढे बसले की वाढायला उठता येत नाही." आपा उंचीला किती आहेत ते तुम्ही पाहताच. जीभ मात्र त्या मानानं बरीच लांब आहे. नका बघू माझ्याकडे अशा, आपा, आज मी बोलणार आहे.

तर आपांनी साहेबांसमोर रोटी धरली. साहेबांना वाटलं, चव बघायला दिली. त्यांनी एक घास घेतला, "वा!" म्हणाले, दुसरा घेतला, तिसऱ्याला तोंड उघडलं. आपांनी रोटी सरळ त्यांच्या हातातून हिसकावून घेतली! "अहो, पुरे! सगळी खाऊन बसलात तर परत कशाला याल?"

एका राजदूताच्या हातातला घास त्याच्याच स्वयंपाकिणीनं हिसकावून घेणं, याला राजनैतिक भाषेत काय म्हणतात ते मला त्या क्षणी आठवेना. मी प्रथा समजावून सांगितली.  मग साहेबांनी हातोडा मागवला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत स्वतः खिळा ठोकला. स्वतःच्या उंचीनं ठोकला, हे महत्त्वाचं. रोटी टांगली आणि म्हणाले, "मी येईन." तेव्हापासून त्या खिळ्यापर्यंत पोचायला आपांना स्टूल लागतं, आणि जाळी-जळमटं काढताना दर वेळी आर्ने साहेबांचा उद्धार होतो. "मेला, ताडासारखा वाढला तो वाढला, खिळाही ताडावर ठोकून गेला."

पुढे तो रिवाजच पडला. दर चार-पाच वर्षांनी एक राजदूत जायचे, चावा घ्यायचे, "येईन" म्हणायचे. त्या भिंतीवर सहा रोट्या झाल्या. कोणी आलं का? नाही. मी त्यांना दोष देत नाही. काही वारले, काहींची पुढची नेमणूक पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला झाली, काही, मला वाटतं, विसरले. राजदूताचं कामच असं आहे, चार वर्षं जीव लावायचा आणि सोडून जायचं. पण रोट्या भिंतीवर राहिल्या. कडक, लाकडासारख्या. मंत्रालयातले लोक भेटीला यायचे तेव्हा मी सांगायचो, "ही आमची राजदूतांची चित्रशाळा."

आता दूतावासाची दुसरी बाजू. भिंतीला एक खिडकी होती, रस्त्याच्या बाजूला. तिच्यासमोर सकाळपासून रांग लागायची. आत काचेपलीकडे तुमचा अधिकारी, बाजूला मी. कागद तपासले की शेवटी एक प्रश्न ठरलेला: "तुम्ही परत याल याला पुरावा काय?"

हा प्रश्न मी रोज विचारला. शेतकऱ्यांना, डॉक्टरांना, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आयांना. माझ्या तोंडून तो इतका गेला आहे की बायको म्हणते, मी झोपेतही विचारतो. आणि एके दिवशी मार्गिलानहून एक म्हातारे विणकर आले होते. रेशमाचं प्रदर्शन होतं तुमच्याकडे. वडीलधाऱ्यांना ओता म्हणतो तसं म्हणून त्यांना विचारलं, "ओता, परत याल याला पुरावा काय?" ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी विचारतोय की तुम्ही श्वास घेता याला पुरावा काय. म्हणाले, "पोरा, रोटी चावून आलोय ना."

मी अनुवाद केला. अधिकारी तरुण होता, भला होता. तो म्हणाला, "काही लेखी आहे का?"

"लेखी?" म्हातारे म्हणाले. "रोटी लिहून कोण देतं? यायचं असेल तर चला माझ्या घरी, भिंतीवर आहे. बघून घ्या."

अधिकाऱ्यानं नियमाप्रमाणे नकार दिला. दुपारी तोच अधिकारी जेवायला स्वयंपाकघरात बसला, बरोबर त्या रोट्यांखाली.  माझ्या मनात आलं, आमच्या खिडकीच्या नियमानं तपासलं असतं तर भिंतीवरच्या सहाही साहेबांना व्हिसा मिळाला नसता. परत कोणीच आलं नाही ना!

हसा, हसा. मीही हसलो होतो. मग होसियत आपांची पाळी आली आणि हसू गेलं.

भिंतीवर सातवी रोटी आहे. ती राजदूताची नाही. ती आपांच्या मुलाची, एल्योरची. आपा विधवा, अंगणामागच्या खोलीतच राहायच्या, तेव्हा घर म्हणजे तेच, भिंत म्हणजे तीच. एल्योर वीजतंत्री. तुमच्या देशात शिकायला जायची संधी आली, रीतसर व्हिसा मिळाला, त्यानं चावा घेतला, आईनं स्टुलावर चढून रोटी टांगली. त्याला आज अकरा वर्षं झाली. आधी शिक्षण, मग बंदरात जहाजांच्या विजेचं काम, मग लग्न, मग मुलगी. मुलगा वाईट नाही. दर रविवारी फोनवर दिसतो, आईशी हसतो, "पुढच्या वर्षी येतो" म्हणतो. आपा फोन ठेवतात आणि म्हणतात, "फोनवर दिसतं सगळं. पण त्याला जवळ घेता येत नाही, आणि रोटीही देता येत नाही."

म्हणून त्यांनी ठरवलं, तो येत नाही तर आपण जावं. नात बघून यावं. आता तुम्हीच सांगा, जी बाई दूतावासातच राहते, तिला दूतावासाचा व्हिसा मिळवायला काय अडचण? पण नियम म्हणजे नियम. आपांना मागच्या दारानं बाहेर पडून, रस्त्यानं वळसा घालून, रांगेत उभं राहून खिडकीशी यावं लागलं. काचेच्या या बाजूला मी. सकाळी ज्यांच्या हातचा चहा प्यालो, त्यांना मी विचारतोय, "बाई, आपण परत याल याला पुरावा काय?"

आपा म्हणाल्या, "नेमत अका, डोकं फिरलंय का तुमचं? मी नाही आले तर संध्याकाळी तुम्हाला मांती कोण वाफवून घालणार?"

मी अनुवाद केला. शब्दशः केला. त्याचा उपयोग झाला नाही. स्वतःचं घर नाही, जमीन नाही, नवरा नाही, एकुलता एक मुलगा तिकडे. कागदाप्रमाणे या बाईला परत यावं असं इथे काहीच नाही. कागद काही खोटं बोलत नव्हता. फक्त तिनं आपल्यासाठी रांधलेलं जेवण त्यात धरलं नव्हतं. नकार आला. दोन वर्षांनी पुन्हा अर्ज, पुन्हा नकार. यंदा तिसरा.

मॅडम वेस्क, तुमच्याबद्दल बोलायला उभा राहिलो आणि इतका वेळ दुसऱ्यांचंच बोललो, क्षमा करा. आता तुमच्याकडेच येतो. तो तिसरा नकार तुमच्या कारकिर्दीत आला. राजदूतांनी व्हिसाच्या निर्णयात हात घालायचा नाही, आणि माणूस घरचं असेल तर मुळीच नाही, असा नियम आहे. तुम्ही तो पाळलात. पण बाकीच्यांसारखा कागद पाठवला नाहीत. स्वतः स्वयंपाकघरात आलात, कांदे चिरत असलेल्या आपांच्या समोर बसलात, आणि आमच्या भाषेत, तुमच्या त्या मोडक्या पण प्रामाणिक उझबेकीत म्हणालात, "आपा, नाही मिळाला. मी काही करू शकत नाही." आपांनी दुसरी सुरी तुमच्यापुढे सरकवली. तुम्ही दोघी कांदे चिरत बसलात. कोण कशानं रडतंय ते कळायला मार्ग नव्हता.

आणि नंतर महिनाभरातच तो आदेश आला. दूतावास बंद. खर्च परवडत नाही. यापुढे व्हिसाचं काम शेजारच्या देशाच्या राजधानीतून. तुम्ही फाटकावर नोटीस चिकटवू शकला असतात. पण तुम्ही मोहल्ल्यातल्या घराघरांत जाऊन सांगितलंत. चहा पिऊन पिऊन तुमच्या पोटाचं काय झालं असेल ते देव जाणे. शेवटी ओतांकडे गेलात. ओता काय म्हणाले होते, मंडळींना सांगू? "शेजारी उठून गेला की पाट उपसायला एक हात कमी होतो." तुम्ही बाहेर आल्यावर मला म्हणालात, "नेमत, माझ्या देशानं या दूतावासाबद्दल इतकं खरं कधीच लिहिलं नाही."

आता परवाची गोष्ट. ही बऱ्याच जणांना माहीत नाही. आणि आज मी उभा आहे तो याचसाठी.

परवा सकाळी आपांनी तंदूर पेटवला. काठाला फुगलेली, मधे नक्षी टोचलेली, तीळ लावलेली रोटी काढली. रिवाजाप्रमाणे मॅडमसमोर दोन्ही हातांनी धरली. मी शेजारी उभा. मॅडमनी रोटीकडे बघितलं, भिंतीवरच्या सगळ्या रोट्यांकडे बघितलं आणि हात मागे घेतले. म्हणाल्या, "आपा, मी नाही चावणार. मी परत येणार नाही. दूतावासच नाही, मग कोण पाठवणार मला? मी निवृत्त होतेय. या भिंतीवर आणखी एक खोटं मला नको."

मंडळी, मी घाबरलो. आमच्यात निघताना रोटी नाकारायची म्हणजे काय, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. न चावता जातो तो फक्त खांद्यावरून जातो.  आपांनी रोटी खाली ठेवली, अन्नाचा मान म्हणून सुलटीच, फडक्यानं झाकली आणि धुतलेलंच पातेलं पुन्हा धुवायला घेतलं. मॅडम बाहेर गेल्या. मी म्हटलं, "आपा, परदेशी बाई आहे. मनावर घेऊ नका. मी समजावतो तिला."

"गप्प बसा हो नेमत अका," आपा कडाडल्या. "तुम्ही समजावणार! जन्मभर दोन्हीकडचं गोड करून सांगितलंत, तेच करणार पुन्हा. अहो, इतके आले नि गेले, सगळ्यांनी चावा घेतला आणि सगळे खोटं बोलले. ही पहिली बाई, खरं बोलली."

"मग राग कशाचा आलाय?"

"राग कुठे आलाय? विचार करतेय." पातेलं पालथं घालून त्या स्टुलावर बसल्या. "जी खोटा चावा घेत नाही, तिच्या हाती रोटी द्यायला हरकत नाही."

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. आपांना वाटतं की जिथे आपलं पोर आहे, तेही आपलंच घर. त्या कधी गेल्या नसल्या म्हणून काय झालं. मग समजा, आपण त्या घरातूनच निघालोय आणि इथे प्रवासाला आलोय. जरा लांबला प्रवास. तर निघताना घ्यायचा चावा राहून गेला, तो आता घ्यायचा. आपा चावा घेणार, आणि ती रोटी मॅडमनी तिकडे न्यायची. एल्योरच्या घरात, त्याच्या स्वयंपाकघरात टांगायची आणि त्याला सांगायचं, "आई निघाली आहे. आतापर्यंत ती वाट बघत होती, आता तू बघ."

मी म्हटलं, "आपा, पण व्हिसा?"

"जाईन की त्या शेजारच्या राजधानीत. तिथेही खिडकीच असेल ना? राहीन उभी. तीनदा नाही म्हणाले, चौथ्यांदाही म्हणतील. पाचव्यांदा जाईन. मला दुसरं काम काय आहे आता? स्वयंपाकघर तर बंद केलंत."

"आणि परत याल याला पुरावा विचारला तर?"

तेव्हा त्यांनी भिंतीकडे बोट केलं, एल्योरच्या रोटीकडे. "ती मी बहिणीकडे टांगणार आहे. ती त्यानं येऊन संपवायची आहे. ती आहे तोवर मला परत यावंच लागेल, नाहीतर त्याला उतरवून कोण देणार?"

मंडळी, त्या खिडकीमागे मी आयुष्य घालवलं. हजारोंचे पुरावे पाहिले. घरांचे उतारे, बँकांचे दाखले, लग्नाची प्रमाणपत्रं. इतका पक्का पुरावा पाहिला नाही. आणि तो कुठल्याही खिडकीत चालणार नाही, हेही मला ठाऊक आहे. मी दोन्ही गोष्टी एकाच वेळी जाणतो. मी थकवा म्हणतो तो हाच असावा.

मी विचारलं, "हे तुम्हीच मॅडमना का सांगत नाही? त्यांना आपली भाषा कळते."

आपा म्हणाल्या, "एकटीला सांगितलं तर ती विचार करेल, नियम बघेल, मग खरं बोलेल. तुम्ही भाषणात सांगा. सगळा मोहल्ला समोर असताना नाही म्हणणं तिला जड जाईल."

दूतावासाच्या इतिहासात सर्वांत मुरलेला मुत्सद्दी कोण, हा प्रश्न कोणी विचारला तर मी आता उत्तर देऊ शकतो. मात्र मॅडम, मी माझ्या परीनं एक वाक्य जोडतो, आणि हे माझं आहे, अनुवाद नाही. तुम्ही नाही म्हणू शकता. परवा एकदा म्हणालात आणि आमच्या मनातली तुमची जागा तसूभर हलली नाही. सामानाचं वजन असतं, विमानतळावरचे प्रश्न असतात, आणि एल्योर जिथे राहतो ते बंदर तुमच्या गावापासून लांब आहे. तुम्हाला उत्तर द्यायची घाई नाही.

कोणी विचारलं होतं, दूतावास कशासाठी होता? मी अजून नीट सांगू शकत नाही. करारांच्या फायली परवा खोक्यांत भरल्या, त्यांना एक छोटी गाडी पुरली. सहा साहेबांच्या रोट्या काल ओतांनी आपल्या हातांनी उतरवल्या, चुरा केला आणि तुतीखाली पाखरांना घातल्या. अन्न पायदळी जाऊ नये म्हणून. मला वाईट वाटलं, लपवत नाही. आता त्या भिंतीवर फक्त एल्योरची रोटी आहे, संध्याकाळी तीही निघेल आणि किल्ल्या घरमालकाच्या हाती जातील. वसंतात पाटाचा तेवढा तुकडा कोण उपसेल, ते ओता ठरवतील.

आभार मानायचे आहेत. मोहल्ल्याचे मानतो, की एका परक्या झेंड्याला तुम्ही फुलासारखं पाणी घातलंत. मंत्रालयाचे मानतो. सगळ्या गेलेल्या राजदूतांचे मानतो, जे आले नाहीत त्यांचेही. तुर्दी अकांचे मानतो, ज्यांचा भात आता दमाच्या पुढे गेला आहे. मॅडम वेस्क, तुमचे मानतो ते एका नकारासाठी. दुभाष्याची चूक झाली की ती दोन भाषांत होते, म्हणून माफीही दुप्पट मागतो. बोलण्यात अधिकउणं झालं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, गोड करून सांगायचं तिथे कडू सांगितलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. मी बसतो.

आपा, तुम्ही आता पुढे या. या, या, वाढायचं नंतर बघू. रोटी आणलीत का? फडकं काढा. ओतांनी बिस्मिल्ला म्हटलं की चावा.

घ्या. छोटा घास घ्या आपा, रडताना मोठा घास अडकतो.

थांबा, मंडळी, अजून उठू नका. मॅडम उभ्या राहिल्या आहेत. काय म्हणालात, मॅडम? पुन्हा सांगा, मागे ऐकू गेलं नाही. मीच सांगतो. हा माझा शेवटचा अनुवाद.

मॅडम रोटी दोन्ही हातांत घेऊन विचारताहेत, "खिळा किती उंचीवर ठोकू?"

आणि आपा म्हणताहेत, "उंच नको बाई. उतरवायला मीच येणार आहे. माझा हात पुरला पाहिजे."